हॉलिवूडच्या पडद्यावरचे आंग्रे : खलनायक कंपनी, पण शब्दही कंपनीचाच

वॉल्ट डिस्नेच्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या चित्रपटमालिकेचा तिसरा भाग 'ॲट वर्ल्ड्स एण्ड' मे २००७ मध्ये प्रदर्शित झाला. गोर व्हर्बिन्स्की दिग्दर्शित या चित्रपटाने जगभरात सुमारे ९६ कोटी डॉलरची कमाई केली आणि त्या वर्षीच्या चित्रपटांत तो उत्पन्नाच्या दृष्टीने पहिल्या क्रमांकावर राहिला. भुताटकीची जहाजे, समुद्रदेवता, शापित नाविक अशा अद्‌भुताने भरलेल्या या कथेत जगभरच्या समुद्रांवरील नऊ चाचे सरदार एका मेजाभोवती जमतात, असा एक मोठा प्रसंग आहे. त्या नऊ जणांत हिंदी महासागराचा सरदार म्हणून एक भारतीय बसलेला दिसतो. त्याचे नाव 'श्री सुंभाजी'. चित्रपटासंबंधीच्या पूरक साहित्यात हेच नाव 'श्री सुंभाजी आंग्रिया' असे पूर्ण दिलेले आढळते.

मराठी वाचकाला हे नाव ओळखण्यास वेळ लागू नये. 'आंग्रिया' हे इंग्रजांनी केलेले आंग्रे या आडनावाचे रूप, आणि 'सुंभाजी' म्हणजे संभाजी. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे पुत्र संभाजी आंग्रे यांच्यावरून हे पात्र बेतले आहे. पडद्यावर त्याच्या वाट्याला मोजकीच मिनिटे आली आहेत. तरीही राजकीयदृष्ट्या पाहता हे पात्र या चित्रपटातील सर्वांत बोलके पात्र आहे. चित्रपटाचा खलनायक ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनी आहे, आणि त्या कंपनीच्या खऱ्या इतिहासातील एका प्रबळ शत्रूला हा चित्रपट कंपनीनेच दिलेल्या नावाने, म्हणजे 'चाचा' म्हणून, सादर करतो.

फाशीच्या दोरापासून सुरुवात

चित्रपटाचा पहिलाच प्रसंग पोर्ट रॉयल बंदरातील सामुदायिक फाशीचा आहे. कंपनीचा अधिकारी लॉर्ड कटलर बेकेट याच्या हुकमाचे वाचन सुरू असते. आणीबाणीचे कारण सांगून सभेचा हक्क, बंदी प्रत्यक्षीकरणाचा म्हणजे हेबिअस कॉर्पसचा हक्क, वकील नेमण्याचा हक्क आणि ज्युरीसमोर सुनावणीचा हक्क स्थगित केल्याचे जाहीर होते. चाचेगिरी करणारा, चाच्यांना मदत करणारा आणि चाच्यांशी नुसता संबंध ठेवणारा, अशा सर्वांना एकच शिक्षा ठरते. रांगेत पुरुष आहेत, स्त्रिया आहेत आणि एक लहान मुलगाही आहे.

कौटुंबिक करमणुकीच्या चित्रपटाची ही सुरुवात प्रेक्षकांना धक्का देणारी होती. अमेरिकेने ग्वांतानामोचा तुरुंग जानेवारी २००२ मध्ये सुरू केला, आणि तेथील परदेशी कैद्यांचा हेबिअस कॉर्पसचा हक्क नाकारणारा लष्करी आयोग कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला. त्यानंतर सातच महिन्यांनी आलेल्या चित्रपटात हीच कलमे वाचून दाखवली जावीत, हा योगायोग मानणे कठीण आहे. शत्रूची व्याख्या सैल केली की कायद्याचे संरक्षण कोणापासूनही काढून घेता येते, हे या प्रसंगाचे सार आहे.

बेकेट हा पात्र म्हणूनही लक्षात राहतो. तो आरडाओरडा करीत नाही आणि तलवारही क्वचितच उपसतो. हिशेबाच्या वहीत आकडा मांडावा तशा थंडपणे तो माणसे मारवितो आणि त्याला व्यवहार म्हणतो. त्याच्या हाती व्यापारी सनद आहे, सरकारी आरमार आहे आणि राजाच्या नावाने हुकूम काढण्याचा अधिकार आहे. व्यापारी संस्था आणि राज्यसत्ता यांतील भिंत पडल्यावर काय होते, याचे हे चित्र भारतीयांना नवे वाटू नये. आपण त्यालाच 'कंपनी सरकार' म्हणत होतो.

येथे चित्रपटाने इतिहासाची एक मोठी अदलाबदल केली आहे. इ. स. १६०० मध्ये राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांना दिलेली सनद केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडील व्यापारापुरती होती. कॅरिबियन समुद्र तिच्या कक्षेत येत नव्हता. म्हणजे ज्या कंपनीचा जुलूम पडद्यावर दाखवला आहे, ती खरी कंपनी आपल्या किनाऱ्यावर होती. तिच्याशी समुद्रावर दोन पिढ्या लढलेली माणसेही आपल्याच किनाऱ्यावर होती. चित्रपटाने कंपनी उचलून कॅरिबियनमध्ये नेली, लढ्याचे नायकत्व तेथील चाच्यांना दिले आणि खऱ्या प्रतिस्पर्ध्याला मेजाच्या एका कोपऱ्यात बसवले.

मेजाभोवतीचे नऊ जण

चाच्यांच्या या परिषदेची रचना मोठी गमतीची आहे. राजा निवडायचा तर मतदान होते आणि जो तो स्वतःलाच मत देतो. जॅक स्पॅरो आपले मत एलिझाबेथ स्वान हिला देतो आणि त्या एका मताने ती 'राजा' होते. जन्माने गव्हर्नरची मुलगी असलेली तरुण स्त्री चाच्यांची सेनापती होते, ही त्या काळच्या हॉलिवूडच्या मानाने धीट कल्पना होती.

परंतु कथेचे सूत्र कोणाच्या हाती आहे हे पाहिले की प्रतिनिधित्वाचा प्रश्न उभा राहतो. निर्णय घेणारे, भाषणे करणारे आणि अखेर लढणारे जॅक, बार्बोसा आणि एलिझाबेथ हे तिघेही गोरे इंग्रजीभाषक आहेत. चीन, आफ्रिका, भारत आणि तुर्कस्तान यांचे प्रतिनिधी प्रामुख्याने वेशभूषेसाठी आहेत. दक्षिण चिनी समुद्राचा सरदार साव फेंग (अभिनेता चाऊ युन फॅट) याला थोडी भूमिका आहे. तो मध्यंतरालाच मरतो आणि त्याचे पद एलिझाबेथकडे जाते. मिस्ट्रेस चिंग हे पात्र १९ व्या शतकाच्या आरंभी दक्षिण चीनच्या समुद्रावर प्रचंड ताफा चालविणाऱ्या आणि १८१० मध्ये चिंग साम्राज्याशी वाटाघाटी करून सन्मानाने निवृत्त झालेल्या स्त्रीवरून घेतले आहे. चित्रपटात ती एक अंध वृद्धा आहे.

श्री सुंभाजींची भूमिका मार्शल मनेश या इराणी वंशाच्या अमेरिकी अभिनेत्याने केली आहे. डोक्याला भरजरी पागोटे, भरघोस दाढी, चेहऱ्यावर गांभीर्य आणि दोन्ही बाजूंना दोन सेवक. त्यांच्या वतीने सेवकच बोलतात. शेवटी युद्धाचा निर्णय होतो तेव्हा सुंभाजी प्रथमच तोंड उघडतात आणि त्या भारदस्त देहातून अत्यंत बारीक, चिरका आवाज बाहेर पडतो. चित्रपटगृहात हशा पिकतो. पात्राचे प्रयोजन तेथेच संपते.

या हशाचे फार दुःख मानण्याचे कारण नाही. बाकीचे सरदारही थोडेफार हास्यास्पदच दाखवले आहेत. विचार करायला हवा तो वेगळ्या गोष्टीचा. त्या मेजाभोवती बसलेल्यांपैकी ज्याच्या नावामागे ईस्ट इंडिया कंपनीशी प्रत्यक्ष लढलेले घराणे उभे आहे, असा हा एकच सरदार आहे. आणि नेमके त्यालाच चित्रपटाने मूक ठेवले आहे.

कोण होते हे आंग्रे?

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यानंतर, १६५७-५८ च्या सुमारास, आरमार उभारणीस हात घातला. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट मराठ्यांनी ताब्यात घेऊन बांधकाम सुरू केले, तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनी विरोध करूनही ते त्यांना परत घेता आले नाही. या आरमारी परंपरेतून तुकोजी आंग्रे आणि त्यांचे पुत्र कान्होजी पुढे आले. औरंगजेबाच्या स्वारीच्या धामधुमीत किनारा सांभाळण्याचे काम कान्होजींनी केले. १७ व्या शतकाच्या अखेरीस त्यांना 'सरखेल' हे पद मिळाले. पुढे १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने ते छत्रपती शाहूंच्या बाजूस आले आणि त्यांचे पद व किल्ले कायम झाले. कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही त्यांची मुख्य ठाणी होती.

इंग्रजांशी त्यांचा पहिला मोठा खटका १७१२ मध्ये उडाला. मुंबईचे गव्हर्नर एस्लाबी यांची 'अल्जरीन' ही सशस्त्र नौका आंग्र्यांच्या ताफ्याने पकडली. कारवार वखारीचा प्रमुख चाऊन या चकमकीत मारला गेला. त्याच्या पत्नीच्या सुटकेसाठी कंपनीला ३० हजार रुपये मोजावे लागले आणि १७१३ मध्ये उभयतांत तह झाला. हा तह महत्त्वाचा आहे. दरोडेखोराला खंडणी देता येते. त्याच्याशी कलमवार तह मात्र कोणी करीत नाही. कंपनी व्यवहारात कान्होजींना एक सत्ता म्हणून वागवीत होती आणि कागदावर त्यांना चाचा म्हणत होती.

त्यानंतर आलेले गव्हर्नर चार्ल्स बून यांनी आंग्र्यांचा बीमोड करण्याचा चंग बांधला. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर हल्ले झाले. १७२१ मध्ये कमोडोर मॅथ्यूज यांच्या शाही आरमाराला जोडीस घेऊन इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. यांतील एकही मोहीम यशस्वी झाली नाही. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले तेव्हा त्यांचे आरमार अजिंक्य होते.

त्यांच्यामागे सेखोजी सरखेल झाले. १७३३ मध्ये त्यांचाही मृत्यू झाला. मग संभाजी आणि मानाजी या भावांत वाद होऊन घराण्याची शक्ती दुभंगली. मानाजी कुलाब्यास राहिले. दक्षिणेकडील सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग संभाजींकडे आले. चित्रपटातील 'श्री सुंभाजी' ते हेच. डिसेंबर १७३५ मध्ये त्यांच्या ताफ्याने मुंबईकडे येणारे कंपनीचे 'डर्बी' हे खजिन्याचे मोठे जहाज पकडले. कंपनीच्या मुंबई दरबाराला हा फार मोठा आर्थिक तडाखा होता. १७४२ मध्ये संभाजींचे निधन झाले आणि विजयदुर्गाची सूत्रे तुळाजी आंग्रे यांच्या हाती आली.

दस्तक कोणाचे चालणार?

मुळात भांडण होते ते दस्तकाचे. पोर्तुगीजांनी १६ व्या शतकापासून अरबी समुद्रात 'कार्ताझ' म्हणजे परवान्याची पद्धत सुरू केली होती. त्यांचा परवाना न घेता जाणारे जहाज ते जप्त करीत. इंग्रजही पुढे आपले परवाने देऊ लागले. कान्होजींनी तीच पद्धत मराठी राज्याच्या नावाने चालविली: कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबताने सरखेलांचे दस्तक घ्यावे, जकात भरावी आणि निर्धास्त जावे, न घेतल्यास माल जप्त. आपल्या निशाणाखालील जहाजांना हा नियम लागू नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. शिवाय हिंदी व्यापाऱ्यांचा मालही ती स्वतःचे निशाण लावून सोडवू पाहत असे. ते कान्होजींना मान्य नव्हते.

दस्तक मान्य करणे म्हणजे त्या पाण्यावर मराठ्यांची सत्ता आहे असे कबूल करणे. कंपनीला ते कबूल करायचे नव्हते. त्यावरचा सोपा मार्ग म्हणजे दस्तक मागणाऱ्यालाच चाचा ठरविणे. एकदा तो शब्द रूढ झाला की जकातीची लूट होते आणि आरमाराची टोळी. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त राज्याचे स्वतंत्र अंग म्हणून आरमाराचे वेगळे प्रकरण आहे. ते वाचल्यावर आंग्र्यांमागे एक राज्यविचार होता, हे स्पष्ट होते.

खरे चाचे त्या काळी अरबी समुद्रात नव्हते असे नाही. ते बहुतांशी युरोपातून आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावरून येत असत. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून परतणारे 'गंज-इ-सवाई' हे मोगलांचे जहाज लुटले, यात्रेकरूंवर अत्याचार केले. तेव्हा संतापलेल्या मोगल अधिकाऱ्यांनी सुरतेच्या वखारीतील इंग्रजांनाच कैद केले. मोगलांच्या दृष्टीने त्या दिवशी कंपनी हीच चाच्यांची टोळी होती. विल्यम किड यानेही याच समुद्रात लूट केली आणि १७०१ मध्ये लंडनमध्ये तो फासावर गेला. चित्रपटातील गोरे नायक या मंडळींच्या परंपरेतले आहेत.

सरकारी परवान्याने शत्रूची जहाजे लुटण्याची प्रथाही इंग्रजांना नवी नव्हती. फ्रान्सिस ड्रेक आणि हेन्री मॉर्गन यांनी स्पेनची जहाजे व बंदरे लुटली. दोघांनाही इंग्लंडने 'सर' ही पदवी दिली आणि मॉर्गन पुढे जमैकाचा उपगव्हर्नर झाला. विशेष म्हणजे या चित्रपटमालिकेलाही हे माहीत आहे. २००६ मधील दुसऱ्या भागात बेकेट स्वतः जॅक स्पॅरोला असा परवाना देऊ करतो. परवाना मिळाला की चाचा सरकारी माणूस होतो, हा विनोद तेथे छान रंगला आहे. मात्र ज्याच्याकडे छत्रपतींची सनद होती, त्याला तिसऱ्या भागात कोणी सनद विचारीत नाही.

आंग्रे निर्दोष होते असे म्हणण्याचा हेतू येथे नाही. त्यांच्या जप्तीचा फटका हिंदी व्यापाऱ्यांनाही बसत होता. घरातील भाऊबंदकी टोकाची होती, आणि तुळाजींनी पेशव्यांशीही वैर धरले. १७२४ मध्ये गव्हर्नर फिप्स यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात खुद्द कान्होजींनीच, दुसऱ्याचे घेण्याची इच्छा कोणत्याच सत्तेला सुटलेली नाही, अशा आशयाचे रोखठोक उत्तर दिले होते. राज्ये अशीच वागत होती. फरक एवढाच की, एकाच्या कृतीला राज्यकारभार म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या कृतीला चाचेगिरी.

विजयदुर्गाची लूट

या कथेचा शेवट चित्रपटाच्या अगदी उलट आहे. पडद्यावर कंपनीचे प्रमुख जहाज तोफांच्या माऱ्यात फुटते आणि चाचे विजयी होतात. इतिहासात १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने पेशव्यांच्या साह्याने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. जमिनीवरून पेशव्यांची फौज होती. तोफांच्या माऱ्याने बंदरात आग लागली आणि आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. तुळाजी कैदेत पडले आणि कैदेतच त्यांचा अंत झाला.

किल्ल्यात सापडलेला सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज इंग्रज अधिकाऱ्यांनी व सैनिकांनी आपसांत वाटून घेतला. सोबत लढायला आलेल्या मराठ्यांना त्यातला वाटा मिळाला नाही. वाटणी कोणत्या प्रमाणात करायची याची चर्चा मोहिमेवर निघण्यापूर्वीच मुंबईत झाली होती. किल्ला सर होण्याआधीच लुटीचे हिस्से ठरविणाऱ्यांच्या दप्तरात 'चाचा' म्हणून नोंद मात्र आंग्र्यांची झाली. पुढच्याच वर्षी, १७५७ मध्ये, हेच वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते आणि प्लासीची लढाई झाली.

पेशव्यांचा हा निर्णय मराठी इतिहासकारांत आजही वादाचा विषय आहे. घरातील बंडखोर सरदाराला वठणीवर आणण्यासाठी परक्या आरमाराची मदत घेतली आणि त्यात स्वतःचेच आरमार जाळले, असा त्यावरील आक्षेप आहे. इंग्रजांच्या दृष्टीने मात्र हिशेब सरळ होता. पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या वाटेत उभे राहील असे आरमार त्यानंतर उरले नाही.

शब्द पुस्तकात कसा गेला?

क्लेमंट डाउनिंग हा बूनच्या मोहिमांत सहभागी झालेला खलाशी. त्याने १७३७ मध्ये लंडनमध्ये भारतातील युद्धांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्या लांबलचक शीर्षकातच 'आंग्रिया' या नावापुढे 'चाचा' हा शब्द आहे. पराभूत मोहिमेवरून परतलेल्या माणसाने लिहिलेले हे वर्णन पुढच्या इंग्रजी लेखकांना आधार झाले. १९०७ मध्ये कर्नल जॉन बिडल्फ यांच्या पुस्तकाचे नावच 'द पायरेट्स ऑफ मलबार' असे होते.

या मांडणीला भारतीय अभ्यासकांनी उत्तरे दिली. सुरेंद्रनाथ सेन यांनी 'द मिलिटरी सिस्टिम ऑफ द मराठाज' (१९२८) या ग्रंथात मराठी आरमाराची चिकित्सा केली. मनोहर माळगावकर यांनी १९५९ मध्ये इंग्रजीतून कान्होजींचे चरित्र लिहिले आणि शीर्षकातच त्यांना 'मराठा ॲडमिरल' म्हटले. डॉ. भा. कृ. आपटे यांचा मराठी आरमार व व्यापारी जहाजांवरील ग्रंथ १९७३ मध्ये आला. तरीही जगाच्या बाजारात बिडल्फचे शीर्षक टिकले आणि शंभर वर्षांनी ते एका पटकथेत उतरले.

समुद्रावर चाचा, डोंगरात लुटारू

नावे ठेवण्याची ही रीत समुद्रापुरती नव्हती. सह्याद्रीच्या रांगेत, आजच्या नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा आणि त्याला लागून असलेले गुजरातमधील डांग या भागातही ती दिसते. सुरत आणि नाशिक यांमधील हा घाटवाटांचा मुलूख. सुरतेहून येणारा-जाणारा माल येथून जाई, म्हणून वाटेचा हक्क कोणाचा हा प्रश्न येथेही होता. भिल्ल नाईक आणि राजे सपाटीवरील गावांकडून 'गिरास' हा परंपरागत हक्क वसूल करीत. इंग्रजी अंमल आल्यावर अधिकाऱ्यांनी या वसुलीची नोंद लूट म्हणून केली.

सुरगाणा हे पवार देशमुखांचे लहानसे संस्थान. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ते स्वतंत्र मानले. पण इंग्रजी तुकडीवर हल्ला झाल्याचे कारण होऊन फौज आली आणि देशमुख मल्हारराव यांना पकडून फाशी देण्यात आले. गादीवर त्यांच्या नात्यातील माणसे बसविण्यात आली. १८३० मध्ये जेम्स आउट्रम याने डांगमध्ये मोहीम काढली. त्यानंतर १८४० च्या दशकात जहाजबांधणीसाठी सागाची गरज पडली, तेव्हा त्याच भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेण्याचे करार इंग्रजांनी केले. कालच्या लुटारूची सही आज पट्ट्यावर हवी होती. या राजांच्या वारसांना दरवर्षी आहवा येथील डांग दरबारात मानधन देण्याची प्रथा आजही चालू आहे. सुरगाणा संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन नाशिक जिल्ह्याचा तालुका झाले.

याच विचाराने पुढे कायद्याचे रूप घेतले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाज जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो नंतर मुंबई प्रांतालाही लागू झाला. सोलापूरची तारेच्या कुंपणातील 'सेटलमेंट' ही त्याचीच खूण. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण पोलीस ठाण्यात संशयिताची पहिली चौकशी कोणत्या वस्तीत होते हे त्या समाजांना आजही ठाऊक आहे. चित्रपटाच्या पहिल्या प्रसंगात चाच्याशी संबंध एवढाच गुन्हा पुरेसा ठरतो. आपल्याकडे तो प्रसंग ऐंशी वर्षे कायद्याच्या पुस्तकात होता.

इतरांनी काय केले?

या मालिकेतील चित्रणावर इतरत्र आक्षेप घेतले गेले. दुसऱ्या भागाचे चित्रीकरण डॉमिनिका बेटावर होत असताना, २००५ मध्ये, तेथील कॅरिब आदिवासींचे प्रमुख चार्ल्स विल्यम्स यांनी आपल्या पूर्वजांना नरभक्षक दाखविण्यास विरोध केला. 'कॅरिबियन' हे समुद्राचे नाव या लोकांवरून पडले आणि नरभक्षक या अर्थाचा युरोपीय शब्दही त्यांच्याच नावावरून बनला. कोलंबसाच्या काळातील एक ऐकीव आरोप पाचशे वर्षांनी चित्रपटाचे नेपथ्य झाला होता. तिसऱ्या भागातील साव फेंगच्या प्रसंगांवर चीनमध्ये कात्री चालली. चिनी माणसाचे विकृत चित्रण हे कारण त्यासाठी देण्यात आले.

कात्री हा उपाय नव्हे; ती लावली की चर्चाही कापली जाते. डॉमिनिकाच्या प्रमुखांनी मात्र आपल्या बाजूचा इतिहास जाहीरपणे मांडला, आणि तो मार्ग अधिक टिकाऊ आहे. चित्रपटकर्त्यांनी स्वतः काय गाळले हेही बोलके आहे. जॅकने गुलाम म्हणून नेली जाणारी माणसे सोडून दिली आणि त्यामुळे बेकेटशी त्याचे वैर जडले, असा खुलासा करणारा प्रसंग चित्रित झाला होता. अंतिम चित्रपटातून तो वगळण्यात आला. कंपनीचा खलनायक ठेवायचा आणि कंपनीच्या व्यापारातली माणसे दाखवायची नाहीत, असा हा मधला मार्ग आहे.

आपल्याकडे आंग्र्यांची आठवण सरकारी पातळीवर जपली गेली आहे. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये 'आयएनएस आंग्रे' हे नाव मिळाले. खांदेरीच्या दीपगृहाला कान्होजींचे नाव आहे. २०१९ मध्ये 'खांदेरी' ही पाणबुडी नौदलात दाखल झाली. २०२२ मध्ये नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या १२ मराठा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. सुरगाण्याच्या ईशान्येस असलेला साल्हेरही त्याच यादीत आहे.

तरीही मुंबई-पुण्यातील ज्या मुलाने शाळेच्या पुस्तकात आंग्र्यांवर दोन ओळी वाचल्या, त्याच मुलाने 'श्री सुंभाजी' तीनदा पाहिले असण्याची शक्यता अधिक आहे. आंग्र्यांच्या आयुष्यावर मराठीत चांगला चित्रपट निघणे खर्चाचे काम आहे. पण तो निघेपर्यंत निदान एवढे घरात सांगता येईल: पडद्यावरच्या त्या मेजाभोवती जो माणूस बोलत नाही, त्याच्या घराण्याचे दस्तक घेतल्याशिवाय एके काळी कोकणच्या समुद्रात जहाज सुखरूप जात नव्हते, आणि त्याला चाचा हे नाव देणारे ते दस्तक नाकारणारे होते.

ठळक नोंदी

१६७९ : मराठ्यांकडून खांदेरीची तटबंदी, इंग्रज व सिद्दी यांचा विरोध.
१७१२-१३ : 'अल्जरीन' नौका पकडली, कंपनी व कान्होजी यांच्यात तह.
१७१७ ते १७२१ : विजयदुर्ग, खांदेरी व कुलाबा येथील कंपनीच्या मोहिमा निष्फळ.
१७२९ : कान्होजी आंग्रे यांचे निधन.
१७३५ : संभाजी आंग्रे यांच्या ताफ्याने 'डर्बी' जहाज पकडले.
१७३७ : क्लेमंट डाउनिंग यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध.
१७५६ : विजयदुर्गाचा पाडाव, आंग्र्यांचे आरमार भस्मसात.
१८४० : कुलाब्याचे आंग्रे संस्थान इंग्रजांकडून खालसा.
२००७ : 'ॲट वर्ल्ड्स एण्ड' प्रदर्शित, 'श्री सुंभाजी' हे पात्र पडद्यावर.